सगळ्यांचा एकच प्रिंटर

मंगळवारी सकाळी दाजींनी प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद चिमट्याने बाहेर काढला, आणि तिथेच सगळं फसलं.

कागद काढायलाच नको होता, असं नाही. ऑफिस म्हटलं की कागद अडकतो, आणि अडकला की कोणीतरी काढतो. पण बाकीचे लोक तो काढताना कपाळाला आठ्या घालतात, "कोणी कोंबलाय हा?" असं हवेला विचारतात, अर्धा फाडून हातात घेतात, उरलेला अर्धा आतच ठेवतात आणि जागेवर जाऊन बसतात. दाजींचं तसं नाही. त्यांनी प्रिंटरचं मागचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, खिशातला चिमटा काढला आणि एखाद्याच्या डोळ्यातलं कुसळ काढावं इतक्या हलक्या हाताने तो कागद अख्खाच्या अख्खा बाहेर घेतला. प्रिंटरने घसा खाकरला आणि दोन पानं छापून दाखवली. दाजींनी समाधानाने मागे वळून पाहिलं, तर मागे मॅडम.

"तुम्हाला यातलं कळतं वाटतं, दाजी?"

या प्रश्नाला "छे हो, कसलं कळतंय" असं एक साधंसरळ, कुणाचंही नुकसान न करणारं उत्तर होतं. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने किंवा बाईसाहेबांनी कौतुकाने काही विचारायची ही तिसरी की चौथी वेळ. दाजींनी चिमटा खिशात ठेवला आणि म्हणाले, "थोडंफार."

दुपारी तीन वाजता त्यांच्या टेबलावर कार्यालयीन आदेश येऊन पडला. नोंदणी लिपिक यांनी त्यांचे मूळ काम सांभाळून संगणक समन्वयक म्हणून तात्काळ कामकाज पाहावे. थोडंफार हा शब्द आदेशात कुठेही नव्हता. दाजींनी दोनदा शोधला.

ऑफिस पाणी तपासायचं होतं. गावोगावच्या, शाळांच्या, इस्पितळांच्या विहिरी, टाक्या आणि नळ यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. दाजी बाटलीवर नंबर चिकटवायचे, वहीत आणि कंप्युटरवर नोंद करायचे आणि बाटली वर केमिस्टबाईंकडे पाठवायचे. दाजी हे त्यांचं घरचं नाव, पण मेहुणा एकदा ऑफिसात आला आणि दारातूनच "अहो दाजी!" म्हणून ओरडला. तेव्हापासून शिपाईमामांपासून मॅडमपर्यंत, ज्यांच्या बहिणीशी दाजींचा काडीचा संबंध नव्हता असे सगळे त्यांना दाजीच म्हणत.

आदेश हातात आल्यावर दाजींनी प्रथमच ऑफिसातल्या यंत्रांकडे जबाबदार माणसाच्या नजरेने पाहिलं आणि ती बोटांवर मोजली. खाली मुख्यालयाने दिलेले चार कंप्युटर. वर केमिस्टबाईंकडे एक म्हातारा कंप्युटर. पाणी तपासायचं यंत्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलायला तयार नव्हतं, म्हणून त्याला निवृत्त करता येत नव्हतं. कोपऱ्यात "पाणी जपून वापरा"ची पोस्टरं करणारा चित्रकार, त्याचा स्वतःचा, पांढराशुभ्र, भलत्याच कंपनीचा कंप्युटर. आणि जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी, एक काळी पेटी. कंत्राटावरचा एक इंजिनियर तीन वर्षांपूर्वी ती तिथे ठेवून गेला होता. ती चौथ्याच कुठल्यातरी प्रणालीवर चालायची. सगळ्यांचे कागद आधी त्या पेटीत जायचे आणि तिच्याकडून रांगेने प्रिंटरकडे. पेटीवर चिठ्ठी होती, 'हात लावू नये'. इंजिनियर परदेशी गेला, चिठ्ठी राहिली.

म्हणजे चार तऱ्हेची यंत्रं, चार भाषा, आणि प्रिंटर एक. हे सगळं कसं चालत होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि चालत होतं तोवर कोणाला विचारायचं सुचलंही नाही.

बुधवारी सकाळी ते चालायचं थांबलं.

मुख्यालयाचा नियम असा, की प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा. तो मुख्यालयातल्या एका बड्या यंत्राकडे जातो, ते यंत्र ओळख पटवून घेतं, मग माणसाला नेटवर्कवर प्रवेश मिळतो आणि प्रिंटर त्याचं ऐकतो. बुधवारी कोणीही काहीही छापायला गेलं की पडद्यावर चौकट यायची, नाव विचारायची, पासवर्ड विचारायची आणि सांगायची: आपली ओळख पटू शकत नाही. चित्रकाराच्या कंप्युटरवरची चौकट तर चक्क डावी-उजवीकडे मान हलवून नाही म्हणायची.

"दाजी, हे काय आहे?" चारही बाजूंनी एकच प्रश्न आला.

दाजींनी आपल्या कंप्युटरवर बसून पासवर्ड घातला. ओळख पटू शकत नाही. पुन्हा घातला, एकेका बोटाने. ओळख पटू शकत नाही. सव्वीस वर्षं याच खुर्चीत बसलेल्या माणसाला हे वाक्य जरा लागतंच. तिसऱ्यांदा त्यांनी इतक्या त्वेषाने कळा बडवल्या की पासवर्डात कुठेतरी दोन अक्षरं जास्त पडली, आणि चौथ्या-पाचव्या वेळेलाही तसंच झालं. मग चौकटीची भाषाच बदलली. आपले खाते कुलूपबंद करण्यात आले आहे.

म्हणजे संगणक समन्वयकाचंच खातं बंद.

याच सुमाराला बाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. हातात कापडी पिशवी, पायात धुळीने माखलेल्या चपला. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई होत्या त्या. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या टाकीच्या पाण्यात दोष निघाला होता, पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरने मुख्य नळाला सील ठोकलं होतं. टाकी धुतली, औषध घातलं, नवा नमुना दिला. आज निकाल होता.

"निकाल चांगला आहे," केमिस्टबाई जिन्यावरूनच म्हणाल्या. "पाणी पिण्याजोगं आहे. मी दाखला पण तयार करून ठेवलाय. फक्त छापला की झालं."

रेक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. "एकशे साठ मुली आहेत हो. रस्त्यापलीकडच्या हौदावरून बादल्या आणतात. परीक्षा चालू आहे. परवा एक मुलगी बादलीसकट पडली, मनगट मोडलं. उजव्या हाताचं."

मॅडमनी इंजिनियरला फोन केला. पाणी चांगलं आहे, सील काढा. तो म्हणाला, "मला आनंद आहे, पण कागद दाखवा. तुमचा क्रमांक असलेला, छापील, सहीशिक्क्याचा. गुरुवारी साडेपाचपर्यंत मी आहे. मग तीन दिवस सुट्टी."

दाजींनी मुख्यालयाच्या मदत कक्षाला फोन लावला. बारा मिनिटं सनईसारखं काहीतरी वाजलं, मग एक शांत आवाज आला.

"तक्रार पोर्टलवर नोंदवा."

"पोर्टलवर जायला लॉगिन लागतं."

"बरोबर."

"लॉगिनच होत नाहीये."

"मग तशी तक्रार नोंदवा ना."

"कुठे?"

आवाजाच्याही लक्षात काहीतरी आलं असावं. "लेखी अर्जाची पण सोय आहे. नमुना क्रमांक सात. प्रिंट काढा, सही करा, पाठवून द्या."

"प्रिंट काढू," दाजी म्हणाले.

"हो."

"प्रिंटरच चालत नाही, याचा अर्ज प्रिंट काढून पाठवू."

"साहेब, मी नियम सांगितला," आवाज म्हणाला, पण वाईट वाटून म्हणाला. "तुमचं बंद झालेलं खातं अठ्ठेचाळीस तासांत उघडेल. बाकीचं वरिष्ठांना विचारतो."

बुधवार असा गेला. रेक्टरबाई संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. जाताना त्यांनी चार शब्द सुनावले असते तर दाजींना बरं वाटलं असतं.

घरी दाजींचा चेहरा पाहून बायकोने आधी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग विचारलं. दाजींनी सांगितलं. शेजारचे निवृत्त टेलिफोन इन्स्पेक्टर वर्तमानपत्र परत द्यायला आले होते, त्यांनी उभ्याउभ्याच निदान केलं, "वायर उंदराने खाल्ली असणार. आमच्या वेळेला दहातल्या आठ तक्रारी उंदराच्याच." मग मेहुण्याला फोन झाला. मेहुणा कंप्युटर लाईनमध्ये होता. म्हणजे कंप्युटरची टेबलं आणि फिरत्या खुर्च्या विकायचा.

"सोप्पं आहे दाजी," मेहुणा म्हणाला. "सगळ्या कंप्युटरांतून प्रिंटर उडवून टाका आणि नव्याने जोडा. आमचे सगळे कस्टमर हेच करतात."

"त्याच्या स्वतःच्या घरी टीव्हीला रिमोट जोडला जात नाही," बायको म्हणाली. ती त्याची सख्खी बहीण होती, तिला माहीत असणारच. "तुम्ही मॅडमना सरळ सांगून टाका, मला येत नाही म्हणून. येत नाही म्हणायला काय जातं?"

काय जातं, ते रात्रभर कूस बदलताना दाजींना नीट माहीत होतं.

गुरुवारी सकाळी रेक्टरबाई पुन्हा बाकावर येऊन बसल्या, आणि दाजींनी मेहुण्याचं ऐकलं. एकेका टेबलापाशी जाऊन त्यांनी प्रिंटर उडवला. उडवण्याचं काम इतकं झकास झालं की दाजींना वाटलं, आपल्याला खरंच थोडंफार कळतं. दहा मिनिटांत ऑफिसातल्या एकाही कंप्युटरला प्रिंटर या वस्तूची आठवण उरली नाही.

जोडायला मात्र दुपार झाली. केमिस्टबाईंचा म्हातारा कंप्युटर प्रिंटरची सीडी मागत होता. अशी सीडी असते हे दाजींनाच नव्हे, चित्रकारालाही ठाऊक नव्हतं. शेवटी ती शिपाईमामांकडे सापडली. पक्षी येऊ नयेत म्हणून त्यांनी ती वर्षभर खिडकीत टांगली होती. कापडाने पुसली, कंप्युटरने घेतली. चित्रकाराचा कंप्युटर दुसऱ्या टोकाचा, त्याला सीडीचं तोंडच नव्हतं. "याला सीडीची गरजच पडत नाही. हा स्वतः शोधतो," चित्रकार अभिमानाने म्हणाला. त्याने शोधलाही. फक्त कुठला प्रिंटर शोधला, हे विचारायचं राहून गेलं.

कारण यादीत आता एकसारखे दोन प्रिंटर दिसत होते. एक चौकट दाखवून ओळख विचारायचा. दुसरा काहीही न विचारता निमूट कागद घ्यायचा. दाजी हरखले. त्यांनी दुसऱ्यावर चाचणीचं पान पाठवलं. पाठवलं गेलं. पण समोरच्या प्रिंटरमधून काही आलं नाही. त्यांनी आणखी एक पाठवलं, मग दुसऱ्या टेबलावरून, मग तिसऱ्या. यंत्र प्रत्येक वेळी विनयाने कळवायचं, छपाई पूर्ण झाली. आणि प्रिंटर समोर गप्प. दाजींनी झाकण उघडून आत पाहिलं. मामांनी खाली वाकून पाहिलं. चित्रकाराने प्रिंटरला कान लावला.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले तेव्हा दारात एक उंच बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात कागदांचा गठ्ठा. केमिस्टबाईंच्याही वरच्या मजल्यावर वजनमापं तपासायचं ऑफिस होतं, तिथल्या निरीक्षकबाई.

"हे तुमचे का? चौदा आहेत. आमच्याकडे बाहेर आले."

दाजींना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. "माफ करा हं बाई. म्हणजे आम्ही, म्हणजे मी..."

"त्याचं काही नाही. आमचा प्रिंटर भाबडा आहे, कोणाचंही घेतो."

केमिस्टबाई एकदम पुढे झाल्या. "मग दाखला तुमच्याकडेच छापू का?" पण बोलता बोलता त्यांनीच मान हलवली. दाखल्याचा क्रमांक मुख्यालयातून उतरतो. ओळख पटल्याशिवाय मुख्यालय क्रमांक देत नाही. क्रमांकाशिवाय दाखला म्हणजे नुसतं पत्र.

निरीक्षकबाई जायला वळल्या आणि थांबल्या. "एक विचारू? राग मानू नका, आमचं कामच असं आहे. यातला शेवटचा कागद मी प्रिंटरमधून उचलला तेव्हा तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती." त्यांनी मनगट पुढे केलं. "हे मी रोज सकाळी लावते. आणि कागदावर वेळ छापलीय चार वाजून दहा. म्हणजे छापायच्या आधी बारा मिनिटं मी तो वाचत होते. हे कसं?"

दाजींनी कागद पाहिला. बाईंचं घड्याळ पाहिलं. चार वाजून तीन मिनिटं. भिंतीवरचं पाहिलं. चार वाजून पंधरा. मग त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. त्यातही चार वाजून तीन.

"भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे!" दाजी म्हणाले.

"मंगळवारपासून आहे," चित्रकार म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"संध्याकाळी बारा मिनिटं आधी सुटत होतो ना," चित्रकार प्रामाणिकपणे म्हणाला. बाकीच्या दोघा-तिघांनी याच वेळी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. त्यांनाही मंगळवारपासून माहीत होतं असं दिसलं.

"भिंतीवरचं ठीक आहे," केमिस्टबाई हळूच म्हणाल्या, "पण कंप्युटरमधलं कोणी पुढे केलं? सगळ्यांतलं एकदम?"

कोपऱ्यात शिपाईमामा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"मला सांगितलं होतं," मामा म्हणाले. "ऑफिसातली सगळी घड्याळं बारा मिनिटं पुढे करा, कोणाला बोलू नका, लोक वेळेवर येतील. मी मंगळवारी संध्याकाळी केली. मोठं घड्याळ केलं, जिन्यातलं केलं, नोंदणीच्या टेबलावरचं केलं. आणि जिन्याखालच्या पेटीच्या पडद्यावर एक होतं, ते पण केलं. सगळी म्हणून सांगितलं होतं ना."

"अहो मामा, पण तिथे लिहिलंय, हात लावू नये!"

"हात नाही लावला. पेन्सिलीने केलं."

कोणी हसलं नाही. मामांची नोकरी वर्षभराची उरली होती. पेटीतलं घड्याळ पुढे गेलं की तिच्यामागून सगळ्या कंप्युटरांतलं पुढे जातं, हे त्यांना कोण सांगणार होतं? ते दाजींनाही त्या क्षणीच कळत होतं.

दाजींनी मदत कक्षाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला. या वेळी सनई दोनच मिनिटं वाजली.

"बारा मिनिटं?" कालचाच आवाज म्हणाला आणि खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. "अहो साहेब, मग काय पटणार ओळख! पाच मिनिटांच्या वर फरक पडला तर आमचं यंत्र कोणालाच आत घेत नाही. त्याला वाटतं, कोणीतरी दुसऱ्याची जुनी ओळखचिठ्ठी चोरून आणलीय. मंगळवारी सकाळी घेतलेल्या ओळखीवर तुमचा तो दिवस निघाला असेल, बुधवारी सगळेच बाहेर. वेळ बरोबर करा, लगेच होईल." मग तो जरा अडखळला. "फक्त एक आहे. सर्व्हरच्या वेळेत फेरफार केला की नाव लिहावं लागतं. कोणी बदललं?"

मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. नोकरीत त्यांचं नाव कधी कुठल्या चौकशीत आलं नव्हतं, आणि ते येऊ नये म्हणून ते सव्वीस वर्षं सांभाळून चालले होते.

"समन्वयक मी आहे," दाजी म्हणाले. "माझं लिहा."

"त्यांचं नका लिहू."

मॅडम दारात उभ्या होत्या. केव्हापासून, देव जाणे. त्या पुढे आल्या आणि फोनपाशी वाकल्या. "आदेश माझा होता. सगळी घड्याळं म्हणून मीच सांगितलं. माझं नाव लिहा, हुद्द्यासकट लिहा." आणि फोन ठेवल्यावर मामांकडे न बघता म्हणाल्या, "मामा, तुम्ही सांगितलं तसंच केलंत. आता बारा मिनिटं मागे घ्या. सगळी."

मामा जिन्याखाली वाकले. दाजींनी बॅटरी धरली. पेटीतलं घड्याळ मागे आलं, हळूहळू टेबलाटेबलांवरचे कंप्युटर मागे आले. केमिस्टबाईंनी वर जाऊन पासवर्ड घातला आणि वरूनच किंचाळल्या, "पटली! ओळख पटली! क्रमांक आला! पाठवते हं दाखला!"

बाकावरच्या रेक्टरबाई उठून उभ्या राहिल्या. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला. त्याने घसा खाकरला, आणि छापायला सुरुवात केली.

पहिलं पान आलं ते रजेच्या अर्जाचं. दुसरंही रजेच्या अर्जाचं, तोच अर्ज. तिसरं, चौथं, पाचवंही. मग दाजींच्या ध्यानात आलं. दोन दिवस ज्याने त्याने पंधरा-पंधरा वेळा छपाईची कळ दाबली होती. जोडण्या उडवल्या, पुन्हा केल्या, पण त्यातलं बरंच काही ओळख पटायची वाट बघत काळ्या पेटीत नीट रांग लावून उभं होतं. आणि दाखला त्या रांगेत शेवटी.

"रद्द करा ना बाकीचं!" केमिस्टबाई म्हणाल्या.

"रद्द करायचा अधिकार समन्वयकाला," दाजी म्हणाले. "आणि समन्वयकाचं खातं कुलूपबंद आहे."

प्रिंटर छापत होता. प्रवासाची बिलं आली. नमुना क्रमांक सात आला, तोही चार प्रतींत. मग एक कागद आला त्यावर नुसता निळा रंग. पुढच्यावर निळ्यात थोडं पांढरं. सगळे चित्रकाराकडे बघायला लागले.

"पोस्टर आहे," चित्रकार म्हणाला. "नळातून पडणारा थेंब. मोठं छापायचं होतं म्हणून चोवीस तुकड्यांत केलं. जोडलं की भिंतभर होतं."

"एका थेंबाला चोवीस कागद?" मॅडम म्हणाल्या.

थेंबाचा सतरावा तुकडा अर्ध्यावर आला आणि प्रिंटर थांबला. कागद संपला होता. मामा कपाटाकडे धावले. कपाटात एक रिकामं वेष्टण होतं. भिंतीवरच्या, आता खऱ्या झालेल्या घड्याळात पाच वाजून आठ मिनिटं झाली होती.

रेक्टरबाईंनी पिशवी छातीशी धरली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "सोमवारी बघू. मुलींना सांगते मी." त्यांचा आवाज इतका समजूतदार होता की दाजींना तो ऐकवेना. ते दारातून बाहेर पडले आणि जिना चढायला लागले. अर्ध्या जिन्यात त्यांना निरीक्षकबाई भेटल्या. त्या खाली येत होत्या, हातात कागदाचं अख्खं, न फोडलेलं रीम.

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "चाचणीच्या पानांना तुम्ही चौदा घेतलेत, म्हणजे खऱ्या कामाला किती लागतील ते कळलं."

रीम फुटलं. उरलेला थेंब आला. चित्रकार आनंदाने तुकडे गोळा करत होता, त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. त्यानंतर कोणाच्या तरी मुलीच्या शाळेचा निबंध आला आणि त्याचा मालक कोणी झाला नाही. आणि मग, पाच वाजून सतरा मिनिटांनी, एक पान आलं. वर बोधचिन्ह, खाली क्रमांक, मध्ये तक्ता, आणि तक्त्याखाली ठळक अक्षरांत: पाणी पिण्यास योग्य.

मॅडमनी उभ्यानेच सही केली. दाजींनी शिक्का मारला, सरळ मारला, त्यावर फुंकर घातली. रेक्टरबाईंनी दाखला दोन्ही हातांत घेतला आणि पळत सुटल्या. साठीच्या जवळ आलेली बाई कापडी पिशवी घेऊन रस्त्याने धावतेय, हे सगळं ऑफिस खिडकीला डोकी लावून बघत होतं. मॅडम इंजिनियरला फोनवर सांगत होत्या, "निघू नका. माणूस निघालाय. जिन्यात दिसेल."

साडेपाच झाले. खऱ्या घड्याळात झाले, भिंतीवरच्या घड्याळातही झाले. कोणी उठलं नाही. मामांनी चहा केला. मॅडम चहाचा कप घेऊन दाजींच्या टेबलाशी आल्या, दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. ही गोष्टही पहिल्यांदाच होत होती.

"दाजी, सोमवारपासून उशिरा येणाऱ्याला मी सरळ तोंडावर विचारीन."

"बरं होईल."

"आणि तुम्हाला खरंच किती कळतं यातलं?"

दाजींनी कप खाली ठेवला. "काही नाही कळत, मॅडम," ते म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं होतं तितकं काही गेलं नाही.

"मला वाटलंच होतं," मॅडम म्हणाल्या. "पण आदेश मी मागे घेणार नाही. न कळणारा आणि तसं सांगणारा दुसरा कुठे शोधू?"

सव्वासहाला फोन वाजला. दाजींनी उचलला. पलीकडे आधी नुसता गलका, मग रेक्टरबाई, धापा टाकत. "सील निघालं! ऐका, ऐका हं!" आणि त्यांनी फोन कुठेतरी धरला.

दाजींनी आवाज मोठा केला. आधी नळीतून हवा फुसफुसली. भसाभसा काहीतरी आलं, थांबलं, पुन्हा आलं. आणि मग एकसारखी, भरघोस धार रिकाम्या पत्र्याच्या बादलीत पडायला लागली आणि तिच्यावरून एकशे साठ मुलींचा ओरडा. मॅडम कप हातात धरूनच उभ्या राहिल्या. केमिस्टबाई जिन्यावरच बसल्या. दाजींनी आयुष्यात हजारो बाटल्या हाताळल्या होत्या, नंबर लावले होते, नोंदी केल्या होत्या. पाण्याला इतका मोठा आवाज असतो, याची नोंद कुठल्या वहीत नव्हती.

मग त्यांच्यातला नोंदणी लिपिक जागा झाला.

"बाई, ऐकताय का?" ते फोनमध्ये ओरडले. "आठ दिवस बंद होता नळ. पहिली दहा मिनिटं सोडून द्या! पिऊ देऊ नका! वाहून जाऊ द्या आधी!"

पलीकडून कोणी उत्तर दिलं नाही. बादली भरून वाहत होती, मुली एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. दाजी आपले ओरडून सांगत होते, पहिली दहा मिनिटं, फक्त पहिली दहा मिनिटं, आणि फोन काही खाली ठेवत नव्हते.